काकड्याची वाट आणि कापसाची पात: जुनाट कंबरदुखीच्या एका प्रकरणाचा अभ्यास

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, ज्याला रुक्मिणीचे माहेर मानतात, आणि त्याच तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आहे. त्यामुळे या पट्ट्यातील बऱ्याच खेड्यांत वारकरी भजनी मंडळ आणि गुरुदेव सेवा मंडळ शेजारी शेजारी नांदतात. कार्तिकात पहाटे काकड्याला जाणारी माणसेच संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेच्या ओळीत बसलेली दिसतात. प्रस्तुत प्रकरण अशाच एका खेड्यातील ५८ वर्षांच्या शेतकरी बाईंचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

ग्रामीण दवाखान्यात वर्षानुवर्षांचे दुखणे घेऊन येणारा माणूस आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून येत नाही. उपास, नवस, पायदळ वारी, भोगाची कल्पना हे सारे त्याच्या औषधांवर, झोपेवर आणि कामावर परिणाम करत असते. तरीही आमच्या केसपेपरवर त्यासाठी रकाना नसतो. मावशींच्या बाबतीत श्रद्धा आजारातही गुंतलेली होती आणि उपचारातही. तिचा कोणता भाग त्यांना अंथरुणाला खिळवत होता आणि कोणता भाग उठवून चालवत होता, हे वेगळे काढल्यावरच उपचारांची दिशा सापडली.

पूर्वस्थिती

मावशी विधवा आहेत. तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर, घरी मुलगा, सून आणि नातू असा संसार आहे. स्वतःच्या वावरातले काम आटोपले की त्या दुसऱ्याकडे निंदणाला आणि कापूस वेचायला मजुरीने जात. कंबरदुखी सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती. पहिल्यांदा पावसाळ्यात निंदण करताना उसण भरली, आठ-पंधरा दिवसांत ती उतरली, पुढच्या वर्षी परत आली, आणि गेली तीन वर्षे दुखणे रोजचेच झाले. दोन्ही गुडघे त्यात पुढे सामील झाले.

या काळात त्यांनी अनेक ठिकाणी दाखवले होते. त्या भेटींमधून त्यांच्या लक्षात राहिलेली वाक्ये अशी होती: मणक्यात गॅप आली आहे, गादी सरकली आहे, गुडघ्यातले वंगण संपले आहे, आता वाकाल तर पाय जातील. या वाक्यांनंतर मावशींनी वाकणे सोडले, मग उचलणे सोडले, मग देवळापर्यंत जाणेही सोडले. कमरेचा पट्टा त्या झोपतानाही बांधून ठेवत. आम्ही त्यांना पाहिले तेव्हा आषाढ चालू होता, आणि दिवसातला बराच वेळ त्या खाटेवर पडून असत. काम अगदीच सुटले होते असे मात्र म्हणता येणार नाही. एखाद्या दिवशी बरे वाटले की साठलेले सगळे काम त्या एकाच दिवसात उपसत, आणि पुढचे तीन-चार दिवस उठता येत नसे. जुनाट वेदनेच्या रुग्णांत हे चक्र फार आढळते आणि ते दरवेळी माणसाची उमेद थोडी थोडी खात जाते.

रोज सकाळ-संध्याकाळ डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी त्या मेडिकलमधून आणत. शिवाय गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाकडून घेतलेली बिननावाची पुडी होती, जी घेतल्यावर लवकरच अंग हलके होई. दोन महिन्यांत चेहरा सुजल्यासारखा गोल झाला होता आणि भूक वाढली होती. पुडीत स्टेरॉईड असावे अशी दाट शंका घ्यायला एवढे पुरेसे होते.

तपासणी आणि निदान

ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे सततचे दुखणे, लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे, पायातली ताकद कमी होणे, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षयरोग ही धोक्याची लक्षणे एकेक करून विचारली, कोणतेही नव्हते. पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित होत्या. सकाळचा ताठरपणा वीस मिनिटांत सुटत होता, त्यामुळे संधिवाताच्या दाहक प्रकाराची शक्यता मागे पडली. गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची जागा स्पष्ट कमी झालेली दिसली. कमरेच्या मणक्यांत वयाप्रमाणे होणारे बदल होते, त्याहून वेगळे काही नव्हते. हिमोग्लोबिन ९.४, रक्तदाब १५२/९४ आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३ होते. दोन्ही हात छातीशी धरून खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ही साधी चाचणी घेतली, तेव्हा त्या पाच वेळा उठल्या.

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव मानला आहे, आणि उतींना प्रत्यक्ष इजा झालेली नसतानाही तो येऊ शकतो हे मान्य केले आहे. मावशींना हे सांगताना आम्ही जागल्याचे उदाहरण दिले. रानडुकरांनी एकदा वावर लोळवले की पुढे मचाणावरचा जागल्या प्रत्येक सळसळीला हाकारे घालतो. डुक्कर आलेलेच असते असे नाही, पण त्याचे ओरडणे खोटेही नसते. त्यांनी स्वतः रात्री जागली केलेली असल्याने त्यांना हे चटकन उमगले. दुखते म्हणजे दरवेळी आत काही तुटतेच असे नाही, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगत होते.

श्रद्धेबद्दलची विचारपूस

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटात धर्माचा आधार घेण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या दाखवल्या आहेत. एकीत माणूस देवाला सोबती मानतो आणि समाजाकडून बळ घेतो. दुसरीत देव आपल्याला शिक्षा करतो आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे असे त्याला वाटते. दुसऱ्या तऱ्हेचा संबंध अधिक खच्चीकरणाशी वारंवार आढळला आहे. हे ध्यानात ठेवून आम्ही मावशींना सरळ विचारले की या दुखण्याचे कारण त्यांच्या मते काय आहे.

त्या बराच वेळ बोलल्या. शेजारणींनी हा मागल्या जन्माचा भोग असल्याचे सांगितले होते आणि ते त्यांच्या मनात घर करून बसले होते. प्रार्थनेला मांडी घालून बसता येईना, म्हणून मध्येच उठावे लागे, आणि सगळ्यांदेखत उठण्याची लाज वाटून त्यांनी जाणेच बंद केले होते. "देवानं मले त्याच्यापुढं बसाले बी ठेवलं नाई, त मंग मी देवळात जाऊन काय करू?" हे त्यांचे शब्द होते. त्यांनी नवसही बोलला होता: दुखणे थांबले की कार्तिकातल्या यात्रेला कौंडण्यपूरला अनवाणी चालत जाईन.

या नवसाकडे आमचे लक्ष विशेष गेले. त्यात चालण्याची ओढ होती, आणि तीच ओढ दुखणे थांबेपर्यंत अडवून धरलेली होती. जुनाट वेदनेत 'आधी दुखणे थांबू दे, मग जगू' ही अट सर्वांत महाग पडते, कारण ती अट बहुधा पुरी होत नाही आणि वाट पाहण्यात स्नायू, झोप, माणसे सगळे हातचे जाते. उपासांचाही हिशोब काढला. दोन्ही एकादश्या, दर गुरुवार आणि चातुर्मासातले आणखी काही दिवस त्या निरंकार, म्हणजे काहीही न खाता, राहत, पण डायक्लोफिनॅकची गोळी मात्र त्या दिवशीही घेत, तीही कोऱ्या चहाबरोबर. पोटातली जळजळ आणि रक्ताची कमतरता यांचा एक धागा तिथे सापडला.

योजना

औषधांचे काम आधी हाती घेतले. स्टेरॉईड अनेक आठवडे पोटात जात असेल तर ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, कारण शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. म्हणून अज्ञात मात्रेच्या पुडीऐवजी माहीत असलेली मात्रा देऊन ती टप्प्याटप्प्याने उतरवली. रोजचे डायक्लोफिनॅक थांबवले, गुडघ्यांवर लावायचे मलम दिले, वेदना आणि झोपेसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलीनची अल्प मात्रा, रक्तदाबाची गोळी आणि लोह सुरू केले.

डायक्लोफिनॅकबद्दल येथे थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वावरात काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. अशा वेळी मूत्रपिंडाला रक्तपुरवठा टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच द्रव्ये रोखतात. वैशाखात उन्हात राबणाऱ्या, रक्तदाब असलेल्या आणि उपाशीपोटी रोज ही गोळी खाणाऱ्या माणसाचे मूत्रपिंड दुखावण्याची शक्यता म्हणूनच वाढते. गोळी साधी आहे, गावातल्या दुकानात सहज मिळते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

उपास सोडा असे आम्ही म्हटले नाही. दूध, भगर, राजगिरा आणि शेंगदाण्याचा कूट चालतो का, एवढे विचारले. मावशी थोडा विचार करून 'चालते' म्हणाल्या, आणि निरंकार उपास फक्त आषाढी-कार्तिकी एकादशीला ठेवायचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसिक आधार यांवर भर आहे, तर कमरेचा पट्टा सरसकट वापरू नये असे सुचवले आहे. त्यानुसार पट्टा आधी रात्री आणि मग दिवसाही सुटला.

खरी गुंतागुंत चालण्याची होती. १९७० च्या दशकात विल्बर्ट फोर्डाइस यांनी जुनाट वेदनेच्या उपचारात एक तत्त्व रुजवले: काम किंवा व्यायाम दुखेपर्यंत करून थांबायचे नाही, आधी ठरवलेल्या मापापर्यंत करून थांबायचे, मग त्या दिवशी दुखत असो वा नसो. मापही असे धरायचे की वाईट दिवशी ते पुरे करता येईल. तत्त्व सोपे आहे, पण घड्याळ न वापरणाऱ्या माणसाला 'आठ मिनिटे चाला' म्हणून भागत नाही. मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि जपाची एकशेआठ मण्यांची दुसरी माळ पिशवीत असे. चालता चालता जप केला तर एक माळ साधारण चार मिनिटांत पुरी होते असे दवाखान्याच्या आवारात मोजून पाहिले. तेव्हापासून त्यांचे माप माळेत ठरले. पहिले दोन आठवडे दोन माळा चालायचे आणि बसायचे. बरे वाटले तरी तिसरी सुरू करायची नाही, दुखले तरी दुसरी अर्धवट सोडायची नाही. पुढे दर आठवड्याला अर्धी माळ वाढवायची.

हे माप लागू पडण्यामागे माझ्या मते एक कारण होते. जप दुखण्यासाठी सुरू केलेला नव्हता, म्हणून तो दुखण्यामुळे थांबवण्याचा प्रश्नच त्यांच्या मनात आला नाही. फिजिओथेरपीचा कागद घरी नेणारे रुग्ण दुखल्यावर कागद बाजूला ठेवतात; माळ अर्धी टाकून उठणे मावशींना पटणारेच नव्हते. घरी करायचे उठबशीचे व्यायामही याच कारणाने सकाळच्या पूजेला जोडले: तुळशीला पाणी घालण्याआधी पाच वेळा बाजेच्या कडेवरून हात न टेकता उठायचे.

ओटा

प्रार्थनेचा प्रश्न मात्र दवाखान्यात सुटणारा नव्हता. आम्ही स्टुलावर बसण्याचे सुचवले, तर त्या म्हणाल्या, "देव खालतं अन् मी वरतं, हे बरं दिसते का जी?" गावात प्रार्थना सांगणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. मावशींची परवानगी घेऊन आमच्या आरोग्यसेविका त्यांच्याशी बोलल्या. गुरुजींनी उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः बिछायतीवर न बसता सभामंडपाच्या ओट्यावर पाय खाली सोडून बसले आणि तिथूनच प्रार्थना सांगितली. त्यांचेही गुडघे दुखत होते, ही गोष्ट गावाला त्या दिवशी कळली. आठवडाभरात मावशी ओट्यावर आल्या आणि त्यांच्या मागोमाग आणखी दोघी म्हाताऱ्या, ज्या अशाच घरी बसल्या होत्या.

भोगाच्या कल्पनेवरही गुरुजींचा एक शब्द आमच्या अनेक वाक्यांपेक्षा उपयोगी पडला. तुकडोजी महाराजांना अखेरच्या काळात कर्करोग झाला होता आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले, हे या भागात सर्वांना माहीत आहे. गुरुजी मावशींना एवढेच म्हणाले, "महाराजांना का भोग होता, बाई?" मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या भेटींत त्या शब्दाचा उच्चार त्यांच्याकडून झाला नाही.

कार्तिक आणि वेचणी

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटेचा काकडा चालतो, आणि हेच दिवस वावरात कापूस फुटण्याचे असतात. सांध्यांसाठी पहाटेचा गारवा वाईट, आणि ताठरपणाची वेळही तीच. म्हणून आधी कोमट पाण्याने गुडघे शेकून, दहा मिनिटे घरातच हालचाल करून मग निघायचे ठरले. देऊळ त्यांच्या घरापासून पाच माळांच्या अंतरावर आहे. त्या मापापर्यंत त्या अश्विनातच पोचल्या होत्या. काकड्याला त्या रोज गेल्या असे नाही. ज्या दिवशी गेल्या नाहीत त्या दिवशी सकाळी वावराच्या पांदणीने तेवढेच चालल्या.

मजुरीच्या कामात निवड करावी लागली, आणि इथे मावशींचा स्वतःचा अनुभव आमच्यापेक्षा मोठा होता. निंदण रोजीने असते, उकिडवे बसून पात धरावी लागते आणि मागे पडले की सगळ्यांना दिसते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे सावकाश वेचले तर नुकसान फक्त स्वतःचे होते. त्यांनी निंदण सोडले आणि वेचणी ठेवली. पूर्वी कमरेची ओटी ताठ भरेपर्यंत त्या वेचत. आता ती अर्धी भरली की धुऱ्यावर नेऊन रिकामी करतात, हात कमरेवर ठेवून मागे वाकतात, एक माळ जप होईपर्यंत उभ्याने विसावतात आणि मग पुन्हा पातीत शिरतात. दिवसाकाठी कापूस पूर्वीपेक्षा कमी भरतो, पण आठवड्याचा हिशोब केला तर खाट धरण्याचे दिवस गेल्यामुळे एकूण वेचणी वाढली आहे.

एकदा माप मोडले. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून घरच्या वेचणीला सुरुवात झाली, त्या दिवशी बरे वाटत होते, ढग आले होते आणि फुटलेला कापूस भिजण्याची भीती होती. मावशींनी अंधार पडेपर्यंत वेचले. पुढचे तीन दिवस त्या पडून होत्या. चौथ्या दिवशी सून त्यांना घेऊन आली. आम्ही माप पाच माळांवरून तीनवर आणले आणि दहा दिवसांत पुन्हा पाचवर नेले. पाऊस येणार असेल तर कोणतीही शेतकरी बाई हेच करील, म्हणून पुढच्या वेळेसाठी मुलगा आणि सून यांच्याशी कामाची वाटणी आधीच बोलून ठेवली.

नवसाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. गावाची दिंडी कौंडण्यपूरला अकरा किलोमीटर चालत जाते. देवळातल्या महाराजांनी मावशींना सांगितले की दुखण्याची अट देवाने घातलेली नव्हती, ती त्यांनीच घातली होती, तेव्हा ती काढून टाकायलाही त्याच मुखत्यार आहेत. पायात मऊ तळाची चप्पल घालून, सामानाच्या गाडीत मध्ये मध्ये बसत, त्या दिंडीबरोबर गेल्या. चालणे सगळे मिळून चार किलोमीटरच्या आसपास झाले. दोन दिवस गुडघे सुजले, बर्फाने आणि विश्रांतीने उतरले.

निष्पत्ती

सात महिन्यांनी वेदनेचा आकडा दहापैकी सातवरून साडेपाचवर आला होता. हा फरक लहान आहे. तीस सेकंदांत उठण्याची संख्या पाचवरून नऊ झाली, झोप सलग पाच-सहा तास लागू लागली, हिमोग्लोबिन १०.८ झाले, रक्तदाब आटोक्यात आला आणि क्रिएटिनिन १.० पर्यंत उतरले. चेहऱ्याची सूज गेली. कसे आहे असे विचारले तर मावशी म्हणतात, "दुखणं हाये, पण मी जातो."

यावरून श्रद्धेने वेदना कमी होते असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. औषध बदलले, घातक पुडी थांबली, झोप सुधारली, माणसांत जाणे सुरू झाले आणि चालणे वाढले, हे सर्व एकाच काळात घडले. यातील कशाचा वाटा किती, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. जे स्पष्ट दिसले ते एवढे की वेळ, जागा आणि सोबत या तिन्ही गोष्टी मावशींना प्रार्थनेने व काकड्याने आयत्या दिल्या, आणि उपचारांचे माप त्यांत बसवल्यामुळे ते सात महिने टिकले. ज्यांची श्रद्धा नाही किंवा वेगळ्या धर्माची आहे त्यांच्यासाठी हेच काम दुसऱ्या नेमाने करावे लागेल. रुग्णावर जप लादणे तितकेच गैर ठरेल जितके त्याचा जप हसण्यावारी नेणे. भोगाची समजूत, निरंकार उपासात गोळी घेणे आणि अटीचा नवस या तीन गोष्टी मात्र प्रत्येक रुग्णाला आपणहून विचारायला हव्यात, कारण रुग्ण त्या डॉक्टरांना सांगण्यासारख्या समजत नाही.

गुडघ्यांची झीज आहे तिथेच आहे आणि पुढे सांधा बदलण्याचा विचार करावा लागेल. मावशींनी त्याला नकार दिलेला नाही, नातवाची दहावी होईपर्यंत थांबा म्हटले आहे. चैत्र लागण्याआधी क्रिएटिनिन पुन्हा पाहायचे आहे, आणि उन्हाळ्यात जुन्या गोळीकडे हात जाऊ नये म्हणून घरातली उरलेली पाकिटे सुनेने दवाखान्यात आणून दिली आहेत. ओट्यावर बसणाऱ्या त्या दोघी म्हाताऱ्यांची तपासणीही आता सुरू झाली असून, त्यांतील एकीकडे तशीच बिननावाची पुडी सापडली आहे.